चिमूट

सिव्हिलच्या पंधरा नंबर खोलीत कस्तुरे मॅडमनी
पर्समधून चहाचा चमचा काढला, प्लॅस्टिकचा.
म्हणाल्या, नरसम्मा, दिवसभराचं मीठ यातलं अर्धं.
सपाट. शीग नको.
मी म्हटलं, बाई, एवढं तर आमच्यात
शेंगाचटणीच्या चार घासांना लागतं.
त्या हसल्या नाहीत.

श्रीलता माझी सून. दोन जिवांची,
आणि दोन किडन्या मिळून एकीचंही काम पुरं करीनात.
लग्नाआधीपासून असणार, डॉक्टर म्हणाले.
कळलं मात्र पाचव्यात,
पैंजण घोट्यात रुतलं तेव्हा.

सातवा लागला तशा गल्लीतल्या बाया ओटी भरायला आल्या.
नारळ, केळी, खारका.
दोघांचं खा गं पोरी, दोघांचं.
पोरीनं हसून सगळं पदरात घेतलं.
मॅडमच्या कागदावर त्या एकेकावर काट होती.
शहाळ्यावरसुद्धा.
आणि डोहाळा तिला नेमका शहाळ्याचाच.

भाजी चिरायची, पाण्यात ठेवायची, उकडायची
आणि ते पाणी ओतून द्यायचं.
ओतून द्यायचं!
चार दिवसांनी नळ येतो त्या गावात.
माझ्या आईनं भाताची पेजसुद्धा कधी सांडली नाही.
पहिल्या दिवशी पातेलं धरून मी मोरीशी उभी,
हात उलटा होईना.
शेवटी गार करून जिन्याखालच्या कढीपत्त्याला घातलं.
कढीपत्ता माजलाय आता.

एक गोष्ट मॅडमना सांगितली नाही.
अळणी आमटी पुढं घेऊन पोर बसायची,
घास तोंडात फिरवायची, गिळायची नाही.
मला बघवेना. तिसऱ्या दिवशी मी
एक चिमूट टाकली.
मग दुसरी.
ती पोटभर जेवली. म्हणाली, अत्तम्मा, आज चव आली.

आठ दिवसांनी प्रेशर एकशेसत्तर,
तोंड सुजून डोळे नुसत्या चिरा,
रात्री दोनला रिक्षा, सात रस्त्याला एक माणूस नाही.
चिमूट कुणाची, कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हापासून घरात आमटी एकच, अळणीच.
लिंबू पिळायचं, जिरं-लसूण ठेचून घालायचं,
जिभेला फसवायचं.
डाळ वाटीनं मोजून, अंड्याचं नुसतं पांढरं.
जास्त झालं तर किडनीला भार,
कमी झालं तर आतलं उपाशी.
मल्लेश मागावरून येतो, टॉवेलच्या तंतूंनी पांढरा,
पहिला घास खातो, माझ्याकडं बघतो,
गप जेवतो.

तिचं सूपही मीच ओढून घेतलं.
तंबाखूची धूळ तिला नको.
हजार विड्यांना कारखाना पाव किलो तंबाखू देतो,
तोलून, वर एक चूर नाही.
आयुष्यभर मापातच जगलो आम्ही,
मग मीठच तेवढं मोजायला का जड जावं?

सोनोग्राफीत बाळ अकराशे ग्रॅम निघालं.
कमी आहे, म्हणाले.
मला ग्रॅम डोळ्यांसमोर येत नाहीत.
मी हिशेब केला,
चार हजार चारशे विड्यांची तंबाखू.
मग दिसलं. हाताला वजनही लागलं.

काल परत बघितलं. चौदाशे.
म्हणजे पाच हजार सहाशे.
अजून दोन-तीन आठवडे आत राहिलं तर बरं, डॉक्टर म्हणाले.
पुढचं पुढं. किडनीचं तर त्याच्याही पुढं.

मी कट्टे बांधत बसलेय. पंचवीस. पंचवीस.
श्रीलता ताटावरून विचारते,
अत्तम्मा, आज काय घातलंय आमटीत?
लिंबू, मी म्हणते. नुसतं लिंबू.
आणि तिनं मागितलं नसताना
दोन्ही तळवे उघडे करून दाखवते.
तंबाखूचा पिवळा रंग,
बाकी काही नाही.